ग्रीसच्या भग्नावशेषांत भरणारी शाळा

युरोपातील ज्या शाळांतून ग्रीक व लॅटिन या प्राचीन भाषा किंवा प्राचीन इतिहास आजही शिकविला जातो, त्यांपैकी अनेक शाळांत वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ग्रीसच्या सहलीस नेण्याचा प्रघात आहे. खुद्द ग्रीसमधील शाळांच्या मुलांची तर या स्थळी नित्य ये-जा असते. बाहेरून येणाऱ्यांची सहल साधारणपणे आठवडाभराची. अथेन्सहून निघावयाचे, कोरिंथची संयोगभूमी ओलांडून पेलोपोनीज द्वीपकल्पात शिरावयाचे, मायसीनी, एपिडॉरस व ऑलिंपिया पाहावयाचे, मग उत्तरेस वळून कोरिंथचे आखात पार करावयाचे आणि डेल्फी करून पुन्हा अथेन्स गाठावयाचे, असा हा फेरा असतो. पूर्वी आखात ओलांडावयास नावेचाच आश्रय होता. २००४ साली रिओ आणि अँटिरिओ यांना जोडणारा पूल झाल्यापासून मोटार सरळ पैलतीरास जाते.

फेरा सुलभ झाला आहे. परंतु त्याचा लाभ आपोआप पदरात पडतो असे मात्र नाही. भग्नावशेष पहिल्या दिवशी भव्य वाटतात, दुसऱ्या दिवशी एकसारखे वाटू लागतात आणि तिसऱ्या दिवशी मुले सावली शोधू लागतात. अशा वेळी वाटाड्या कथा सांगू लागतो. कोणत्या राजाचा कोठे खून झाला, कोणत्या देवाने कोणास शाप दिला, हे ऐकताना मुले पुन्हा टवटवीत होतात. कथा सांगण्यात काही गैर नाही. पण समोरचा दगड आणि कानी पडणारी कथा यांचा संबंध कोणता, हा प्रश्न विचारला गेला नाही, तर सहल छायाचित्रांपुरती उरते. ऐकीव गोष्ट कोणती आणि पुराव्याने ठरलेली गोष्ट कोणती, हा विवेक शिकण्यास ग्रीसच्या भूमीइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. कारण तेथे जवळजवळ प्रत्येक दगडास एक कथा चिकटलेली आहे, आणि त्यांतील पुष्कळशा कथा तपासून पाहण्याचे साधनही तेथेच उपलब्ध आहे.

आरंभ अथेन्सच्या अ‍ॅक्रॉपोलिसपासून होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंचीच्या या खडकाळ टेकडीवर अथीना देवीचे पार्थेनॉन हे मंदिर उभे आहे. इ. स. पूर्व ४४७ मध्ये ते बांधावयास घेतले, इ. स. पूर्व ४३८ मध्ये आत देवीची मूर्ती प्रतिष्ठित झाली आणि शिल्पकाम आणखी सहा वर्षे चालले. इक्टिनस व कॅलिक्रेटीस हे त्याचे स्थपती आणि फिडियस हा त्यावरील प्रमुख शिल्पकार. या मंदिराच्या रेषा सरळ दिसतात, पण त्या सरळ नाहीत. ज्या पायरीवर खांब उभे आहेत, ती लांब बाजूस मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर वर उचललेली आहे. खांबही किंचित आत झुकलेले आहेत. पायरीच्या एका टोकाशी नजर तिच्या पातळीवर आणून पाहिले, की मधला उंचवटा मुलांना स्वतःच दिसतो. पुस्तकातील विधान डोळ्यांनी पडताळण्याचा हा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. मुलांची सहज समजूत अशी होते, की अडीच हजार वर्षांच्या काळाने हे मंदिर हळूहळू झिजविले. वस्तुस्थिती निराळी आहे. हे मंदिर पुढे ख्रिस्ती चर्च झाले, त्यानंतर मशीद झाले आणि सतराव्या शतकापर्यंत बव्हंशी उभे होते. २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या सैन्याने डागलेला तोफगोळा आत साठविलेल्या तुर्कांच्या दारूगोळ्यावर पडला आणि मंदिराचा मधला भाग उडाला. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिनने पुष्कळशी शिल्पे उतरवून इंग्लंडास नेली. १८१६ साली ती ब्रिटिश म्युझियमसाठी विकत घेण्यात आली. ती परत मिळावीत ही ग्रीसची मागणी आहे. टेकडीच्या पायथ्याशी २००९ साली उघडलेल्या संग्रहालयात मूळ शिल्पांच्या शेजारी, जी बाहेर गेली त्यांच्या पांढऱ्या गिलाव्यातील प्रतिकृती मांडलेल्या आहेत. पिवळसर झालेला मूळ संगमरवर आणि पांढरी प्रतिकृती यांतील फरक पाहताच काय गेले आणि काय उरले, हे शब्दांवाचून कळते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेल्या दुरुस्तीची हकीकतही मुलांनी ऐकण्यासारखी आहे. प्राचीन कारागीर दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडीत, पण त्या पट्ट्यांवर शिसे ओतीत. त्यामुळे लोखंडास हवा व पाणी लागत नसे. आधुनिक काळातील दुरुस्तीत लोखंड वापरले गेले, शिशाची काळजी मात्र तशी घेतली गेली नाही. लोखंड गंजून फुगले आणि ज्या दगडांना सांधावयाचे तेच दगड त्याने फोडले. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली चाललेल्या कामात ते लोखंड काढून न गंजणाऱ्या टायटेनियम धातूचे दांडे घालण्यात आले. जेथे नवा संगमरवर बसवावा लागला तेथे तो जुन्याहून उजळ दिसतो, आणि तो ओळखू यावा हाच उद्देश आहे. नवे ते नवे म्हणून दिसावे, जुन्याचे सोंग त्याने घेऊ नये. इतिहासाच्या अभ्यासकाने अनुमान आणि पुरावा यांचे जे नाते ठेवावे, तेच या दोन रंगांच्या दगडांत आहे.

याच टेकडीवरील एरेक्थियम या मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले मिळाले आहेत. ते इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरचे आहेत. त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम हे एकाच खांबावर शेजारी शेजारी काम करीत असल्याचे दिसते, आणि मजुरी प्रत्येकाची दिवसास एक द्राख्मा अशीच लिहिलेली आहे. अर्थात गुलामाची मजुरी त्याच्या हाती राहत असेल असे समजण्याचे कारण नाही. ज्या नगरीने लोकशाहीचा पाठ घालून दिला, तिच्या सुंदर खांबांवर ज्यांना मताचा अधिकार नव्हता त्यांचेही हात फिरले होते. मंदिराचे सौंदर्य यामुळे कमी होत नाही. मात्र ते पाहणाऱ्याच्या दृष्टीस पूर्णता येते.

टेकडीच्या उत्तरेस खाली अगोरा, म्हणजे जुन्या अथेन्सचा बाजार व सार्वजनिक चौक आहे. अमेरिकन विद्वानांनी १९३१ पासून येथे उत्खनन चालविले आहे. तेथील संग्रहालयात खापराचे काही तुकडे मांडलेले आहेत आणि त्यांवर माणसांची नावे खरडलेली आहेत. एखादा पुढारी डोईजड झाला असे वाटल्यास अथेन्सचे नागरिक त्याचे नाव खापरीवर लिहून टाकीत. किमान सहा हजार खापऱ्या जमल्या, की ज्याच्या नावाच्या खापऱ्या सर्वांत अधिक असत त्यास दहा वर्षे नगरीबाहेर जावे लागे. हे ऐकून प्रत्येक मुलास ही पद्धत न्याय्य व सोपी वाटते. पण अ‍ॅक्रॉपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीजच्या नावाच्या १९० खापऱ्या एकत्र सापडल्या आणि अक्षरे तपासली तेव्हा ती सारी केवळ चौदा हातांची निघाली. कोणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या खापऱ्या वाटण्याची ही तयारी असावी, असे अनुमान त्यावरून काढले जाते. सालामिसच्या समुद्रयुद्धात अथेन्सला वाचविणाऱ्या या पुरुषास पुढे खरोखरच हद्दपार व्हावे लागले. लोकशाहीचे गुणगान आणि तिच्यातील कारस्थान हे दोन्ही एकाच फडताळात पाहावयास मिळते.

अथेन्स सोडून कोरिंथचा १८९३ साली खुला झालेला कालवा ओलांडला, की सुमारे दोन तासांत मायसीनी येते. होमरच्या महाकाव्यात ज्या अ‍ॅगमेम्नन राजाने ट्रॉयवर स्वारी केली, त्याची ही राजधानी. प्रवेशद्वारावरील दोन सिंहिणींचे शिल्प इ. स. पूर्व तेराव्या शतकातील आहे. त्यांची मस्तके मात्र नाहीशी झाली आहेत. इ. स. च्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा ग्रीक प्रवासी येथे येऊन गेला. त्याने ग्रीसचे वर्णन दहा भागांत लिहून ठेवले आहे. सहलींच्या वाटाड्यांचा तो मूळ पुरुष म्हणावयास हरकत नाही. अ‍ॅगमेम्नन आणि त्याचे सोबती तटाच्या आत पुरलेले आहेत, असे त्याने नोंदविले आहे. त्या नोंदीवर विश्वास ठेवून हाइन्रिख श्लीमान या जर्मन संशोधकाने १८७६ साली सिंहद्वाराच्या आत खणावयास सुरुवात केली आणि खरोखरच सोन्याने भरलेल्या कबरी त्यास सापडल्या. त्यांतील एक सोन्याचा मुखवटा आज अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अ‍ॅगमेम्ननचा मुखवटा' या नावाने प्रसिद्ध आहे.

श्लीमानची श्रद्धा येथवर फळास आली. अनुमान मात्र फसले. त्या कबरी इ. स. पूर्व सोळाव्या शतकाच्या सुमाराच्या आहेत, आणि ट्रॉयचे युद्ध झाले असलेच तर ते परंपरेनुसार त्यानंतर तीन-साडेतीन शतकांनी झाले. अर्थात हा मुखवटा अ‍ॅगमेम्ननचा असू शकत नाही. जवळच असलेल्या प्रचंड घुमटाकार वास्तूस 'अ‍ॅट्रियसचा खजिना' म्हणतात. तीही खजिना नसून थडगे आहे. तिच्या दारावरील आडव्या शिळेचे वजन सुमारे १२० टन भरते आणि एवढ्या रुंदीचा घुमट पुढे हजारांहून अधिक वर्षे कोठे बांधला गेला नाही. मग मायसीनीच्या लोकांविषयी विश्वासार्ह असे काय हाती लागते? त्यांच्या मातीच्या पट्टिकांवरील लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाने उलगडली. त्यांत वीरांच्या गाथा नाहीत. मेंढ्या, लोकर, तेल, धान्य आणि कामकऱ्यांना दिलेला शिधा यांच्या याद्या आहेत. कोठारातील कारकुनाची ही टिपणे महाकाव्याइतकी रसाळ नाहीत. पण ती त्या लोकांच्या स्वतःच्या हातची आहेत.

मायसीनीहून एपिडॉरस फारसे दूर नाही. येथे अ‍ॅस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचे क्षेत्र होते. रोगी रात्री तेथे झोपत, स्वप्नात देव येऊन उपचार सांगे अशी त्यांची श्रद्धा असे, आणि बरे झालेल्यांच्या हकीकती शिळांवर कोरून ठेवीत. आज लोक येतात ते मुख्यतः इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले रंगमंडल पाहण्यास. त्यात बैठकांच्या ५५ ओळी असून काही हजार प्रेक्षक बसू शकतात. १९५५ पासून तेथे दर उन्हाळ्यात नाट्यमहोत्सव भरतो. वाटाडे मध्यभागी नाणे टाकतात किंवा काडी ओढतात आणि तो आवाज शेवटच्या ओळीपर्यंत स्पष्ट पोचतो असे सांगतात. २०१७ साली नेदरलँडमधील संशोधकांनी उपकरणे लावून मोजमाप केले. तेव्हा असे दिसले, की मोठ्याने उच्चारलेले वाक्य वरच्या ओळींतही कळते, परंतु नाण्याचा आवाज नाण्याचा म्हणून ओळखू येतो तो निम्म्या चढापर्यंतच. आणि कुजबूज तर पुढच्या काही ओळींपलीकडे समजत नाही. हा प्रयोग मुलांनाही करून पाहता येतो. चार जणांनी चार उंचीवर बसावे, डोळे मिटून काय ऐकू आले ते लिहावे आणि मग वह्या जुळवून पाहाव्यात. रंगमंडल रचणाऱ्याचे कौशल्य त्यामुळे उणे ठरत नाही. ज्यासाठी ते रचले त्या नटाच्या खड्या आवाजास ते आजही दाद देते.

पुढचा मुक्काम ऑलिंपियाचा. द्वीपकल्पाच्या पश्चिमेस, आल्फियस व क्लाडियस या नद्यांच्या संगमाजवळ झ्यूसचे हे क्षेत्र आहे. परंपरा सांगते, की येथील क्रीडा इ. स. पूर्व ७७६ पासून सुरू झाल्या. भूकंपांनी झ्यूसचे मंदिर पाडले, नद्यांनी गाळ आणून टाकला आणि क्षेत्र मातीखाली गेले. जर्मन विद्वानांनी १८७५ पासून येथे पद्धतशीर उत्खनन केले. सापडलेल्या वस्तू ग्रीसमध्येच राहाव्यात, असा करार त्यापूर्वीच झाला होता. मंदिराचे खांब आजही कापलेल्या केळीच्या चकत्यांप्रमाणे ओळीने पडलेले दिसतात. मुले धावतात ती मात्र सरळ क्रीडांगणाकडे. १९२ मीटरांची ती धाव प्रत्येकास एकदा तरी धावून पाहावयाची असते.

त्या क्रीडांगणाच्या वाटेवर डाव्या हातास दगडी चौथऱ्यांची एक ओळ आहे. बहुतेक जण तिकडे न पाहताच पुढे जातात. या चौथऱ्यांवर एके काळी झ्यूसच्या काशाच्या मूर्ती होत्या. स्पर्धेत लबाडी करणाऱ्यांकडून वसूल केलेल्या दंडातून त्या घडविल्या होत्या. पहिल्या सहा मूर्ती इ. स. पूर्व ३८८ मधील. एका मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली, त्याचे ते प्रायश्चित्त. धावपटू मैदानात शिरण्यापूर्वी त्यांच्या नजरेस पडाव्यात म्हणून त्यांची जागाच तशी निवडली होती. मूर्ती गेल्या, चौथरे उरले. प्राचीन खेळाडू निर्मळ होते आणि भ्रष्टता आजच्या युगाची, या समजुतीस हे सोळा चौथरे मूकपणे उत्तर देतात. विवाहित स्त्रियांना हे सामने पाहण्याची बंदी होती, हेही येथेच सांगावयास हवे. कुमारिकांसाठी हेरा देवीच्या नावाने निराळी शर्यत असे आणि तिचे अंतर एक षष्ठांशाने कमी असे.

शेवटचे स्थळ डेल्फी. पार्नासस पर्वताच्या कड्याखाली अपोलोचे हे प्रश्नस्थान. पिथिया नावाची पुजारीण येथे देवाचा कौल सांगे, आणि राजेही तो घेण्यास येत. लिडियाचा राजा क्रीसस याची कथा हिरोडोटसने दिली आहे: इराणवर स्वारी केल्यास एक मोठे साम्राज्य नष्ट होईल, असा कौल त्यास मिळाला, त्याने स्वारी केली आणि नष्ट झाले ते त्याचेच साम्राज्य. पिथियास झपाटणारे हे बळ कोठून येई? याच देवस्थानात पुजारी असलेल्या प्लुटार्कने सुगंधी वाफेचा उल्लेख केला आहे. फ्रेंच विद्वानांनी १८९२ पासून गाव हलवून येथे उत्खनन केले, तेव्हा वाफ येण्याजोगी भेग त्यांना दिसली नाही आणि ती गोष्ट दंतकथा ठरली. पुढे २००१ साली काही भूगर्भशास्त्रज्ञांनी मंदिराखालून जाणारे प्रस्तरभंग आणि झऱ्याच्या पाण्यात गुंगी आणणाऱ्या वायूचे अंश आढळल्याचे प्रसिद्ध केले. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. हा वाद मिटलेला नाही. दंतकथा म्हणून टाकलेली गोष्टही पुन्हा तपासावी लागते, आणि तपासणी झाली म्हणून निकाल लागलाच असे होत नाही, हे डेल्फीवरून शिकण्याजोगे आहे.

अशा सहलीची पूर्वतयारी शिक्षकाने कशी करावी, हे यावरून उघड होते. प्रत्येक विद्यार्थ्यास एकेक वास्तू नेमून द्यावी; त्या जागी तिची माहिती त्यानेच इतरांना सांगावी. वहीत तीन रकाने आखावेत: काय पाहिले, काय ऐकले आणि जे ऐकले ते कशावरून. तिसरा रकाना पुष्कळदा रिकामा राहील. तो रिकामा राहिल्याचे मुलांच्या ध्यानी येणे हीच कमाई समजावी. बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. असंख्य पावलांनी गुळगुळीत झालेल्या संगमरवरावर पाय घसरतो, म्हणून रबरी तळाचे बूट हवेत. उन्हाळा कटाक्षाने टाळावा; २०२३ च्या जुलैत उष्म्यामुळे अ‍ॅक्रॉपोलिस भर दुपारी बंद ठेवावी लागली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून तेथे दिवसास २०,००० प्रेक्षकांची मर्यादा घालण्यात आली, म्हणून वेळ आधीच ठरवून घेणे श्रेयस्कर. आणि कोणत्याही दगडास हात लावू नये. एका हाताने काही होत नाही, पण रोजच्या हजारो हातांनी होते.

ग्रीसची सहल बहुसंख्य मराठी शाळांच्या आवाक्याबाहेरची आहे. तथापि ग्रीकांचा माग काढण्यास तितक्या दूर जावयास हवेच असे नाही. जुन्या ग्वाल्हेर संस्थानात मोडणाऱ्या विदिशेजवळ बेसनगर येथे एक दगडी स्तंभ आहे. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅमने तो पाहिला, तेव्हा त्यावर शेंदराचे जाड पुट होते आणि गावकरी त्याची 'खाम बाबा' म्हणून पूजा करीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ते पुट निघाले आणि खाली ब्राह्मी लिपीतील लेख प्रकट झाला. तक्षशिलेचा रहिवासी, दिओनचा पुत्र हेलिओडोरस, अंतलिकित या ग्रीक राजाचा वकील, याने वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असे त्यात लिहिले आहे. लेखाचा काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरचा आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी काशाची मूर्ती तेथील टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती पाहून 'कोल्हापुरात ग्रीक राहत होते' असे विधान कोणी करील. पण मूर्ती रोमन काळातील, ग्रीक वळणाची आणि बहुधा व्यापाराच्या ओघात आलेली. कार्ल्याच्या लेण्यांत दान देणारे 'यवन' भेटतात. त्यांतले ग्रीक रक्ताचे किती, यावर विद्वानांत मतभेद आहेत.

इंदूर-ग्वाल्हेरच्या शाळेस विदिशा आणि बेळगावच्या शाळेस कोल्हापूर हे एका दिवसाचे काम आहे. तेथेही वहीत तेच तीन रकाने आखता येतील. शेंदूर लावलेल्या स्तंभापुढे नमस्कार करणाऱ्यांची श्रद्धा खरी होती आणि पुट काढून अक्षरे वाचणाऱ्यांचे ज्ञानही खरे होते; पण हेलिओडोरसचे नाव जगास कळले, ते कोणीतरी त्या शेंदराखाली काय आहे असे विचारल्यानंतर. मुलांना सहलीस नेणाऱ्या शिक्षकाने एवढा एक प्रश्न त्यांच्या ओठी बसविला, तर सहलीचा खर्च वाया गेला असे म्हणण्याची पाळी कोणावर येणार नाही.